नमुनेदार लाळ

आमच्या ह्यांना, म्हणजे मधुकररावांना, जावई निर्व्यसनी पाहिजे होता. तो मलाही पाहिजे होता, कोणत्या आईला नको असतो? पण लोक मुलगा बघताना त्याचं शिक्षण बघतात, नोकरी बघतात, घरातल्या बायकांशी तो कसा बोलतो ते बघतात. आमचे हे थेट दात बघायचे. पाहुणा सोफ्यावर नीट टेकायच्या आत हे काहीतरी विनोद करायचे, तो बिचारा मानासाठी हसायचा, की हे पुढे वाकून त्याच्या दातांच्या कडा तपासायचे. मग पाणी आणायचं निमित्त करून स्वयंपाकघरात यायचे आणि माझ्या कानात निकाल सांगायचे, "खर्रा खाते."

दुसऱ्या मुलखातल्या माणसाला खर्रा समजावून सांगावा लागतो, आमच्या वर्धेत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या एका पन्नीत घालून पानठेलेवाला तो घोटत बसतो आणि घेणारा तो गालात धरून दिवस काढतो. कायद्यानं बंदी आहे. दारूलाही आमच्या जिल्ह्यात बंदी आहे. बंदीची आम्हाला भारी हौस, आणि बंदी असलेली वस्तू कुठे मिळते हे लहान पोरंसुद्धा सांगतात.

तर अशी ह्यांनी एकामागून एक स्थळं दातांवरून परत पाठवली. त्यातल्या एकाचे दात नुसते चहानं पिवळे पडले होते, पण अपील ऐकायला वर कोणी नव्हतं. मला त्याचं फार वाईट वाटलं नाही, कारण त्या मुलांमध्ये तसाही काही दम नव्हता. या वेळी मात्र गोष्ट वेगळी होती. आमच्या आचलनं स्वतः मुलगा निवडला होता. हिंगणघाटचा अंकित. सूतगिरणीत सुपरवायझर, वडिलांचं गादी-रजईचं दुकान. मैत्रिणीच्या लग्नात दोघांची ओळख झाली आणि पुढे फोनवर ती वाढली.

आचल आमची एकुलती एक. सावंगीला मेडिकलच्या पोरांना बायोकेमिस्ट्रीचे प्रयोग शिकवते. बोलायला बापासारखी फटकळ, पण त्या दिवशी कणीक मळताना माझ्याशेजारी उभी राहून अगदी हळू बोलली. "आई, बाबा नाई म्हणाले तर मी पळून जाणार नाई. तमाशा बी नाई करणार. पण मग दुसऱ्या कोणाले पाहणार बी नाई, सांगून ठेवतो." आमच्याकडे मुलीही 'सांगतो' म्हणतात, आणि ती तसं म्हणते तेव्हा मागे हटत नाही. पोरीचं सगळं आयुष्य ह्यांच्या एका होकारावर येऊन थांबलं होतं, आणि ह्यांचा होकार एका पोराच्या दातांवर.

"हिंगणघाटचा पोट्टा, अन् खर्रा नाई खात?" हे म्हणाले. "बाप दुकानात बसून दिवसभर चघळते, मी डोळ्यानं पाह्यलं. अन् पोट्टा नाई खात म्हणते. मले काय उल्लू समजता काय तुमी?"

आता ह्यांच्या अधिकाराबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. एके काळी हे स्वतः मोठे खर्रेबहाद्दर होते. आमचं किराणा दुकान आणि बंडूजीचा पानठेला यांच्यामध्ये एकच भिंत, आणि त्या भिंतीचा ह्यांना कधी अडथळा झाला नाही. मग गावात व्यसनमुक्तीचं शिबिर झालं. ह्यांनी स्टेजवर चढून खर्ऱ्याची पुडी पायाखाली चिरडली. पेपरात फोटो आला. तो फोटो फ्रेम करून आमच्या बैठकीत लावला आहे, देवांच्या तसबिरीपेक्षा वर. तेव्हापासून हे मोहल्ल्याच्या व्यसनमुक्ती समितीचे सचिव. शाळांमध्ये जाऊन भाषण देतात. भाषण ऐकून पोरांना झोप येते, पण व्यसन लागत नाही असं समितीचं म्हणणं आहे.

व्यसन सोडलं तसे हे सात्त्विकही झाले. आधी तिखट सोडलं. ठेच्याशिवाय ज्याचा घास उतरत नव्हता तो माणूस एकाएकी म्हणायला लागला, "तिखटानं डोकं तामसी होते." सेवाग्राम इथून हाकेच्या अंतरावर असल्यामुळे आमच्या गावात असं बोललेलं शोभून दिसतं. मग पाणीपुरी सोडली, "भर रस्त्यात एवढा आ वासणं बरं दिसते काय?" भाकरीचे नखाएवढे तुकडे करून एकेक तुकडा तोंडात सरकवायला लागले. मी जेवून, भांडी घासून, ओटा पुसून यायची तरी हे पानावरच. मी म्हणायची, "चिमणीले घास भरवून राह्यले काय?" तर म्हणायचे, "पहिलं पचन तोंडात होते, शकुंतला. तुमाले घाई." हे वाक्य आचलचं. ह्यांनी ते उचललं आणि गावभर स्वतःच्या नावावर खपवलं.

खर्रा खरंच सुटला होता का? मी त्यांची बायको आहे, समितीची सदस्य नाही. दुकानातून आले की हे पुढच्या दारानं न येता मागच्या मोरीकडून का येतात, चुळा भरताना एवढा आवाज का करतात आणि खिशात नेहमी लवंग कशाला लागते, हे मला दिसत होतं. पण विचारलं की फोटोकडे बोट दाखवायचे. फोटोशी भांडण कोण करणार?

तर अंकितचं बोलणं निघालं आणि हे आचलला म्हणाले, "तुमच्या सायन्समधी एवढ्या मशिनी आहेत, खर्रा पकडायची एक नाई काय?"

"नाई," आचल म्हणाली. "आमी लाळेचा प्रयोग करतो, पण त्याचा खर्ऱ्याशी संबंध नाई."

"काय करता लाळेचं?"

मला वाटतं पोरीनं तिथेच जीभ चावायला हवी होती. पण शिकवणाऱ्या माणसाला कोणी प्रश्न विचारला की राहवत नाही. "भात, भाकर, पोहे, हे सगळं स्टार्च, बाबा. स्टार्च म्हणजे साखरेच्या दाण्यांची लांबच लांब माळ. ती माळ शरीराले अशीच्या अशी घेता येत नाई, तोडावी लागते. ते तोडायचं काम एन्झाईम करतात. पहिलं एन्झाईम लाळेतच असते, अमायलेज. म्हणून तर भाकरीचा घास तोंडात घोळवत राह्यलं का गोड लागाले लागते. मग आमी काय करतो, पेजेत लाळ टाकतो, थोडं थांबतो अन् आयोडीनचा थेंब टाकतो. स्टार्च असंल तर आयोडीननं निळंकाळं होते. लाळेनं स्टार्च तोडून टाकलं असंल, तर निळं होत नाई."

"म्हणजे चांगल्या लाळेनं निळं होत नाई."

"हो."

"अन् खराब लाळेनं होते."

"तसं नाई म्हटलं मी."

"कळलं मले," हे म्हणाले. ह्यांना एखादी गोष्ट कळली की आमच्या घरात पुढे कोणाचं काही चालत नाही. "खर्रा खाणाऱ्याची लाळ खराब. खराब लाळेनं पेज निळी. पोट्टा घरी येऊ दे, करून टाकू."

आचलनं डोक्याला हात लावला. हा खर्ऱ्याचा प्रयोग नव्हे हे तिनं जेवताना सांगितलं, झोपायच्या आधी सांगितलं, सकाळी सावंगीला जाताना गाडी सुरू करून पुन्हा सांगितलं. हे म्हणाले, "तू मले शिकवू नको." शेवटी तीही चिडली. संध्याकाळी घरी आली ती पर्समध्ये आयोडीनची बाटली आणि कसल्याशा कागदाच्या पट्ट्या घेऊनच. मला म्हणाली, "अंकित खर्रा खातच नाई, आई. पेज निळी नाई व्हायची. बाबाले तसंच पटणार असंल तर पटू दे."

रविवारी हिंगणघाटची मंडळी आली. अंकित, त्याची आई आणि वडील हेमराजभाऊ. हेमराजभाऊंनी आपला गाल लपवायचा काही प्रयत्न केला नाही. हनुवटी वर उचलून, ओठ मिटूनच त्यांनी नमस्कार केला, मग फाटकाबाहेर थुंकून तोंड मोकळं करून आले आणि मग "कसं काय मधुकरराव" म्हणाले. आमच्या ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसा काही खटलाच जिंकला. मला मात्र तो माणूस आवडला. जे होतं ते गालात होतं आणि सगळ्यांना दिसत होतं.

अंकित शांत मुलगा. ह्यांनी विनोद केला, तो हसला, हे वाकले. दात बरे निघाले. ह्यांचा चेहरा पडला, पण हत्यार अजून शिल्लक होतं.

"तू खर्रा खात नाई म्हणतं," हे म्हणाले.

"नाई काकाजी. लहानपणापासून दुकानाच्या पायऱ्या मीच धुतो. बाबा थुंकतेत, मी धुतो. इच्छाच मेली."

हेमराजभाऊ मोठ्यानं हसले. अंकितच्या आईला हसू आलं नाही. तिनं नवऱ्याकडे एकदाच बघितलं आणि पदर सारखा केला. त्या बघण्याची ओळख मला लगेच पटली.

"सगळे असंच म्हणतेत," हे म्हणाले. "पण आमच्या घरी सायन्स चालते. तुमची हरकत नसंल तर छोटी टेस्ट करू. टेस्टमधी पास, तर माझा होकार. नाई तर पोहे खा अन् निघा."

इतकं तोंडावर बोलले. मला धरणीत जावंसं वाटलं. कोणी दुसरं असतं तर चपला घालून निघालं असतं, पण अंकितनं आचलकडे बघितलं, तिनं मान हलवली, आणि तो म्हणाला, "करा नं काकाजी. थुंकाचंच आहे नं?"

मी पेज उकळून गार करून ठेवलीच होती. आचलनं ग्लास मागितले आणि मी काही म्हणायच्या आत ह्यांनी शोकेस उघडून माझे काचेचे पाहुण्यांचे ग्लास काढून दिले. लग्नात माहेरहून आलेले. ज्यात मी पोरीच्या होणाऱ्या सासूला सरबत देणार होते, त्यात आता तिच्या पोराची लाळ पडणार होती. ह्या घरात सायन्स चालतं म्हटल्यावर बोलायची सोय नव्हती.

आचलनं तीन ग्लासांत पेज ओतली. "एक नुसता राहील. एकात अंकितची लाळ. अन् तिसरा कंट्रोल पाहिजे."

"कंट्रोल काय असते?" हेमराजभाऊंनी विचारलं.

"ज्याचं आपल्याले पक्कं माहीत आहे असा माणूस. त्याच्याशी ताडून पाह्याचं. मी माझी लाळ टाकतो."

"तू काऊन?" हे उभे राहिले. छाती पुढे, मागे फोटो. "निर्व्यसनी माणूस समोर बसला असताना पोरीबाळींची लाळ कायले? माझी घे. नमुना म्हणून घे. अख्ख्या जिल्ह्यात दाखवजो."

"बाबा, राहू द्या नं," आचल म्हणाली.

"राहू द्या काऊन? मी आत्ता तोंड धुऊन येतो. टेस्ट म्हणजे स्वच्छ पाह्यजे." आणि हे स्वयंपाकघरातून मागे मोरीकडे गेले. चुळांचा आवाज बैठकीपर्यंत आला. बऱ्याच वेळानं परतले ते तोंड रुमालानं पुसत. ग्लास उचलून त्यात थुंकले, अगदी समारंभानं, उद्घाटनाची फीत कापावी तसे. अंकित बिचारा कोपऱ्यात जाऊन पाठ करून थुंकला.

आता थांबायचं होतं, म्हणून मी पोहे वाढायला आत गेले. पोह्यांवर पिळायला लिंबाच्या फोडी चिरून ताटलीत ओट्यावर ठेवल्या होत्या. ताटली रिकामी. माझा माझ्यावरच विश्वास बसेना. मांजर दूध पितं, लिंबू चोखत नाही. शोधायला वेळ नव्हता, तसेच पोहे नेले, वर तिखट रश्शाची तर्री घातली आणि लिंबाचं कोणी विचारू नये अशी प्रार्थना केली. तिपाईवर पोहे, पोह्यांशेजारी गोरसपाक बिस्किटांची बशी आणि बशीशेजारी दोन पुरुषांची लाळ. अंकितच्या आईनं चमचा हातात धरला आणि तसाच धरून ठेवला. हेमराजभाऊंनी मात्र दुसऱ्यांदा पोहे घेतले. आमचे हे नेहमीप्रमाणे एकेक दाणा वेचत होते. तर्री त्यांनी बाजूला सारली होती.

"झालं," आचल म्हणाली आणि बाटलीचं झाकण काढलं.

नुसत्या पेजेत थेंब टाकला. निळीकाळी शाई पसरली. "यात लाळ नाई. स्टार्च जसंच्या तसं आहे," ती म्हणाली.

अंकितच्या ग्लासात थेंब टाकला. आयोडीनचा पिवळट डाग तेवढा पडला. निळं काही झालं नाही. मी सुटकेचा श्वास टाकला. मला लाज नाही सांगायला, डोळ्यांत पाणी आलं. पोरीकडे बघितलं तर ती ओठ दाबून हसत होती.

मग ह्यांच्या ग्लासात थेंब टाकला.

काळंभोर. नुसत्या पेजेसारखंच, जशी काही त्यात लाळ पडलीच नव्हती.

ह्यांनी ग्लास उचलून उजेडात धरला, फिरवला, परत ठेवला. "ग्लास बदलले असतीन," ते म्हणाले.

"नाई बदलले, काकाजी," अंकित म्हणाला. त्याला बिचाऱ्याला वाईट वाटत होतं.

"मंग वय. वयानं लाळ नरम पडते."

आचलच्या कपाळावर आठी पडली. पर्समधून तिनं कागदाची पट्टी काढली, ह्यांच्या ग्लासात बुडवली. पट्टी लाल झाली. "हे तर ॲसिड आहे," ती म्हणाली. "बाबा, तुमी आत्ता आंबट काय खाल्लं?"

"मी कायले आंबट खाऊ?"

"लाळेतलं अमायलेज आंबटात काम करत नाई. घास पोटात उतरला का तिथल्या ॲसिडनं त्याचं काम तसंच थांबते. मंग आतड्यात स्वादुपिंडाकडून नवं अमायलेज येते, ते राहिलेलं तोडते. अन् शेवटचे बारके तुकडे आतड्याच्या भिंतीवरचे एन्झाईम तोडतेत, तवा कुठं ती साखर रक्तात जाते. पण पोटातल्यासारखं आंबट तुमच्या तोंडात कुठून आलं?"

"माझ्या लिंबाच्या फोडी!" मी ओरडले. मला आवरलंच नाही. उठून मोरीत गेले. बादलीमागे चोखून चोखून पांढरी पडलेली सालं होती, सगळीच्या सगळी. ती मी ओंजळीत आणून तिपाईवर ठेवली.

हेमराजभाऊ आधी सालांकडे, मग ह्यांच्याकडे बघत राहिले. आणि मग असे हसले, असे हसले की गोरसपाकाची बशी हलली. "मधुकरराव! अरे बाप्पा! लिंबू तर आमी बी चोखतो. लग्नाकार्यात जाच्या आधी. वास जाते अन् दातं साफ दिसतेत. खर्रा न खाणाऱ्याले हे माहीतच नाई राहत!"

आचलनं हळूच सांगितलं की प्रयोगानं खर्रा पकडला नाही, लिंबू पकडलं. तिनं आधीपासून हेच सांगितलं होतं. खर्रा ह्यांचा ह्यांनीच पकडून दिला.

"ही टेस्टच खोटी आहे," हे म्हणाले.

आता मात्र मी गप्प बसणार नव्हते. "खोटी आहे नं? मंग त्या पोट्ट्यावर संशय घ्यायले तुमच्याजवळ काय उरलं? अन् खरी असंल तर तो पास झाला. दोन्हीतलं कोणतं पाह्यजे ते घ्या, पण पोरीले आता हो म्हणा. अन् तो फोटो मी आज उतरवून ठेवतो."

हे खाली बसले. मग म्हणाले, "हो."

"काय हो? मोठ्यानं म्हणा."

"लग्न पक्कं," हे म्हणाले, आणि आचल रडायला लागली, आणि अंकितच्या आईनं चमचा खाली ठेवून तिला जवळ घेतलं.

हेमराजभाऊंना एवढंच पाहिजे होतं. त्यांनी हिंगणघाटहून आणलेला बुंदीच्या लाडवांचा डबा उघडला. व्याह्यानं व्याह्याच्या तोंडात अख्खा लाडू भरायचा, ही आमच्याकडची रीत. अर्धा भरला तर होकारही अर्धा समजतात. त्यांनी डब्यातला सगळ्यात मोठा लाडू निवडला आणि ह्यांच्या तोंडासमोर धरला. "तोंड गोड करा, व्याहीबुवा. झालं गेलं सोडा."

ह्यांनी तोंड उघडलं. लाडू दातांना अडला. हेमराजभाऊंनी जरा दाबला, बुंदी सुटून शर्टावर पडली.

"आ करा नं! नवरीवानी काय लाजता?"

आम्ही सगळे हसत होतो. मीही हसत होते. हेमराजभाऊंनी पुन्हा लाडू टेकवला, पुन्हा बुंदी पडली. मग ह्यांनी त्यांचा हात धरून बाजूला केला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "इतकंच उघडते."

हसणं लगेच थांबलं नाही. पण आचल थांबली. ती ह्यांच्यासमोर जमिनीवर बसली. "बाबा, बोटं उभी धरून तोंडात घाला. तीन."

"कायले?"

"चांगल्या तोंडात तीन बोटं जातेत. घाला नं."

ह्यांनी बोटं एकावर एक उभी धरून घालायचा प्रयत्न केला. दोन गेली, तीही ओढून-ताणून. तिसरं ओठापाशीच राहिलं.

"तिखट काऊन सोडलं होतं तुमी?" तिनं विचारलं. "डोकं तामसी होते म्हणून?"

हे माझ्याकडे बघायला लागले. "आग होते तोंडात," ते म्हणाले. "लय होते."

मला एकेक गोष्ट आठवायला लागली. ठेचा. पाणीपुरी. भाकरीचे नखाएवढे तुकडे. मी चिमणीचे घास म्हणून चिडवत होते आणि ह्यांचं तोंड माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या पानाशेजारी, रोज थोडं थोडं मिटत चाललं होतं. मला ह्यांचा इतका राग आला की दोन थोबाडीत द्याव्यात, आणि तितकीच भीती वाटली. मी ह्यांच्या शर्टावर पडलेली बुंदी वेचत बसले.

"हे खर्ऱ्याचंच आहे," आचल म्हणाली. आता तिचा आवाज वर्गात शिकवतानाचा होता. "आमच्याकडं रोज येतेत असे लोक. तोंड आखडत जाते. लवकर दाखवलं तर सांभाळता येते. नाई दाखवलं तर पुढं काय होते ते मी तुमाले भाषणात नाई सांगणार. तुमची भाषणं तुमालेच पाठ आहेत."

हेमराजभाऊ खिडकीकडे वळले होते. पाठ आमच्याकडे. त्यांचा उजवा हात तोंडाशी होता, आणि तिथे ते काय मोजत आहेत हे अंकितच्या आईला कळलं, कारण ती उठून त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. थोड्या वेळानं त्यांनी खिशातली खर्ऱ्याची पन्नी काढून तिच्या हातात दिली. तिनं ती माझ्या सालांच्या ढिगावर टाकली.

"साक्षगंधाची तारीख काढू मंग?" काहीतरी बोलायचं म्हणून अंकितच्या आईनं साखरपुड्याचा विषय काढला.

"नाई," आचल म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. अंकितसुद्धा.

"इतके दिवस बाबांनी माझं लग्न दुसऱ्याच्या तोंडासाठी अडवलं. आता मी बाबांच्या तोंडासाठी अडवतो. उद्या सकाळी माझ्या गाडीवर मागं बसायचं अन् सावंगीच्या दवाखान्यात यायचं. दुकान नाई, समिती नाई, बंडूजीचा ठेला नाई. डॉक्टर सांगतीन ते सगळं करायचं. ते सुरू झालं का तारीख काढू, त्याच्या आधी नाई. मी सांगून ठेवतो."

तिनं 'सांगून ठेवतो' म्हटलं होतं. ह्यांना तिचा बाप म्हणून ते कळत होतं, आणि मला तिची आई म्हणून. अंकितनं मान हलवली आणि डब्याचं झाकण लावून टाकलं.

ह्यांना पोरीच्या तोंडून असं ऐकायची सवय नाही. एरवी एवढ्यावर ह्यांचं अर्ध्या तासाचं भाषण झालं असतं. आताही हे सरसावून बसले, एक हात वर केला आणि बोलायला तोंड उघडलं. पण काय बोलतात ते कोणी ऐकलं नाही. आम्ही सगळे ते किती उघडतं तेच बघत होतो.